स्वतःच्या शेतात शिरलेलं रानडुक्कर मारलं तर गुन्हा होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की सरकारी जंगलात शिकारबंदी आहे हे कळतं, पण सातबारा माझ्या नावावर असताना माझ्या शेतात शिरलेलं डुक्कर मी का मारू नये? माझे आजोबाही हेच विचारायचे. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाचा परवानाही होता. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा, डुक्कर मारण्याचा नव्हे. ही गल्लत अजून निम्म्या गावाची होते.

तर, हो, गुन्हा होतो. सातबारा जमिनीचा असतो, डुकराचा नसतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा जागा कोणाची हे आधी बघत नाही, प्राणी कुठल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या कुठल्या यादीत आहे ते बघतो. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि ते दुसऱ्या अनुसूचीत गेलं. जागेने फरक पडतो तो वाढीव गुन्ह्यांपुरता. राखीव वनात 1927 चा वन कायदाही लागतो आणि अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन नुसतं शिरलात तरी अडकता.

आणि शिकार म्हणजे फक्त बार काढणं नव्हे. फासकी लावणं, विष घालणं, हाका करून कोंडणं, यातलं काही करायचा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. डुक्कर सापडलं नाही तरीही.

फासकीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आमच्याकडे खरा घोळ तिथेच होतो. गाडीची जुनी क्लच वायर घ्यायची, गडग्याला जिथे डुकराची वाट पडलेली असते तिथे फास करून खुंटीला बांधायची. खर्च शून्य. पण त्याच वाटेने बिबट्याही येतो. आमच्या शेजारच्या वाडीत सकाळी लोक बघायला गेले तर कमरेत तार रुतलेला बिबट्या गुरगुरत होता. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं कैद. चौकशी आधी जागेच्या मालकाकडे आली. त्याने फासकी लावलीच नव्हती, तरी पुढचे कित्येक महिने तो हेलपाटे घालत होता.

कुंपणात घरची लाइट सोडणं तर त्याहून वाईट. डुक्कर मेलं तर शिकार, माणूस मेला तर सदोष मनुष्यवध.

कायदेशीर वाट वन्यजीव कायद्याच्याच कलम 11 मध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी 2015 साली ही पद्धत सोपी केली आहे, अर्ज वनक्षेत्रपालाकडे करायचा. कागद हातात येईपर्यंत बंदुकीला हात लावू नका. परवानगी घेऊन मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता असतं, त्यामुळे वाटे घालायचा विचार सोडा. अंगावर आलेल्या जनावराला जीव वाचवायला मारलं तर तो गुन्हा नाही, पण तेव्हाही वनखात्याला कळवायचं. केंद्राने एखाद्या भागापुरता प्राणी 'उपद्रवी' जाहीर केला तर गोष्ट वेगळी, 2016 मध्ये उत्तराखंडात रानडुकराचं तसं झालं होतं.

नुकसान झालं की तीन दिवसांत वनरक्षकाकडे लेखी तक्रार द्या. उकरलेल्या वाफ्याचे आणि खुरांचे फोटो उजेडातच काढा, पावसाची एक सर आली की खूर पुसले जातात. मिळणारी भरपाई पुरत नाही, हे मान्य.

मी स्वतः शेवटी सोलरचं झटका मशीन बसवलं, म्हणजे कुंपणाच्या तारेत जीव न घेणारा झटका सोडणारं यंत्र. पहिली तार वीतभर उंचीवर हवी, कारण डुक्कर नाक खाली घालून येतं. तारेखालचं गवत मात्र पावसाळ्यात सारखं काढावं लागतं. ओलं गवत टेकलं की झटका जमिनीत जातो आणि डुकरं आत.