उभारीची वाट पाहत बसू नका

प्रश्न : मी २७ वर्षांचा. मूळ गाव बीड जिल्ह्यात, चार वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देतोय. यंदाही पूर्व परीक्षेच्या निकालात नाव नाही. दहा दिवस अभ्यासिकेत गेलेलो नाही. डबा अर्धा तसाच राहतो, रात्री तीनपर्यंत मोबाइल, दुपारी बाराला उठतो. घरी अजून सांगितलेलं नाही. मित्र म्हणतात, पॉझिटिव्ह राहा. उभारी आली की पुन्हा सुरू करीन असं ठरवलंय, पण ती येतच नाही.

उत्तर : ती का येत नाही ते तुमच्याच पत्रात आहे. अभ्यासिका सुटली, तिच्याबरोबर सकाळचा टपरीवरचा चहा सुटला, शेजारच्या टेबलावरचा मित्र सुटला, ऊन सुटलं, वेळेवरचं जेवण सुटलं. मनाला थोडंफार बरं वाटावं अशा ज्या चार जागा होत्या त्या गेल्या, म्हणून मन आणखी खचलं. आणि खचलं म्हणून आता खोलीबाहेर पाऊल पडत नाही. हा फेरा विचारांच्या बाजूने तुटत नाही. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला पोट बिघडलेल्याला ‘नीट पचव’ म्हणण्यासारखा आहे. फेरा तोडायचा तो हालचालीच्या बाजूने: आधी कृती, उत्साह मागून. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी हीच पद्धत वापरली गेली. मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या, पण या कामासाठी तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत ती शिकवली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांना जास्त गुण आला.

पहिले तीन दिवस काहीही सुधारायला जाऊ नका, फक्त लिहा. वहीच्या पानावर तासाचे रकाने आखा. त्या तासात काय केलं आणि मन कसं होतं, ० ते १० मध्ये. खचलेलं मन संध्याकाळी सरसकट ‘दिवसभर काहीच बरं नव्हतं’ असा निकाल देतं. वहीत मात्र दिसतं की आंघोळीनंतर आकडा २ वरून ४ वर गेला होता आणि तासभर रील बघून पुन्हा २ वर आला. पुढची योजना या आकड्यांवर करायची. मोबाइलमध्ये नोंद करू नका. नोंदीसाठी हातात घेतलेला फोन चाळीस मिनिटांनी खाली ठेवला जातो.

चौथ्या दिवसापासून रोज तीन कामं: एक शरीराचं, एक राहून गेलेलं, एक माणसांतलं. प्रत्येकाला वेळ आणि जागा लिहायची. ‘अभ्यास सुरू करणे’ हे काम नव्हे, ती इच्छा आहे. ‘साडेनऊला अभ्यासिकेत, भूगोल, २५ मिनिटं, मग घरी आलो तरी चालेल’ हे काम. इतकं लहान की सांगायला लाज वाटावी. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं, मग गडी आठ तास बसतो, तिसऱ्या दिवशी अंग टाकतो आणि म्हणतो, बघा, मला जमतच नाही. म्हणून पहिला आठवडा मन लागलं तरी ठरल्यापेक्षा जास्त बसायचं नाही. पुढे दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं वाढवा. एखादा दिवस चुकला तर भरपाई नको. दुसऱ्या दिवशी निम्मं करा, पण जागा आणि वेळ तीच ठेवा.

झोपेचं एकच सूत्र: झोपायची नाही, उठायची वेळ बांधा. रात्री कितीला डोळा लागला याचा हिशेब न करता सकाळी साडेसातला उठायचं आणि उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर चालायचं. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ढगाळ सकाळीही बाहेर काही हजार. शरीराचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. पहिले तीन-चार दिवस डोकं जड राहील. दुपारी झोपून ते हलकं करायला गेलात की घड्याळ पुन्हा मागे. चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद, कारण प्यायलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं. फोन चार्जिंगला खाटेपासून हात पोचणार नाही इतका लांब लावा. कटऑफची चर्चा चालणारे ग्रुप म्यूट करा.

घरी या आठवड्यात सांगा. लपवलेला निकाल रोजच्या फोनमध्ये दोघांच्या मधे बसून राहतो. वाक्य लिहून काढा, म्हणजे फोनवर घसरायला होत नाही: “बाबा, यादीत नाव आलं नाही. मला त्रास होतोय. पुढे काय करायचं ते महिनाभरात ठरवून सांगतो, तोवर विचारू नका.” आणि तो महिना खरंच घ्या. परीक्षा सोडायची की आणखी एक संधी घ्यायची, हा निर्णय आकडा ३ वर असताना करायचा नसतो.

दोन आठवड्यांनंतरही बहुतेक दिवस उदास जात असतील, भूक-झोप बिघडलेलीच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही: त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या नि:शुल्क क्रमांकावर फोन करा, ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून थांबवू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम तोडूही नका.

प्रश्न : वय ५२, कोल्हापूर. सासूबाई अर्धांगवायूने दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. सगळे म्हणतात, स्वतःकडे लक्ष दे. वेळ कुठून आणू? हल्ली त्यांच्यावर ओरडते आणि मग रडते.

उत्तर : ताई, ‘लक्ष दे’ म्हणणाऱ्यांकडूनच वेळ घ्यायचा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या दिरांना नेमकं सांगा: “भाऊजी, दर रविवारी चार ते सात आईंजवळ तुम्ही बसायचं.” दिवस आणि तास ठरलेला नसला की मदत सणासुदीपुरती राहते. माणूस आला की तुम्ही घरात थांबलात तर दर दहा मिनिटांनी हाक येणार. म्हणून बाहेर पडा. त्याआधी एक कागद भिंतीला लावा: औषधं किती वाजता, कूस दर दोन तासांनी बदलायची, पाणी चमच्याने आणि उठवून बसवूनच, डायपर कुठे. पहिल्या दोन खेपांना काहीतरी चुकेल. चादर वाकडी राहील, दूध उतू जाईल. म्हणून ते काम परत अंगावर घेऊ नका.

ओरडणं बहुधा झोपमोडीचं असतं. रात्रीची कूस बदलण्याची पाळी यजमानांशी वाटून घ्या: एकापर्यंत ते, पुढे तुम्ही. सलग पाच तास झोप तुकड्यातुकड्यांच्या सातांपेक्षा कामाची. पाळी जाण्याच्या वयात थकवा आणि चिडचिड दुसऱ्या कारणांनीही असते, तेव्हा हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२ आणि साखर एकदा तपासून घ्या. घरात आजारी माणूस असला की घरातल्या बाईची तपासणी शेवटी होते, हे नेहमीचंच.

प्रश्न : मन घाबरलं की दीर्घ श्वास घेते, पण चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. माझं काय चुकतं?

उत्तर : तुम्ही श्वास जास्त घेताय. छाती भरभरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. मुंग्या आणि चक्कर त्याच्याच. भर उच्छ्वासावर द्या. नाकाने चार मोजेपर्यंत साधाच श्वास, सहा मोजेपर्यंत सोडायचा, हात पोटावर, खांदे हलता कामा नयेत. मिनिटाला सहा श्वास होतात, पाच मिनिटं पुरेत. सराव रोज मन शांत असताना करा. घाबरल्यावरच पहिल्यांदा करून पाहिलं तर मोजणीही सुचत नाही. तरीही श्वासाकडे लक्ष गेल्याने भीती वाढत असेल तर हा प्रकार सोडून द्या. तोंडावर गार पाणी मारा, अनवाणी फरशीवर उभ्या राहा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. मुंग्यांबरोबर छातीत दुखत असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर हे काहीही करत न बसता आधी डॉक्टरांकडे जा.