गिअरच्या पिकअपला रिमोट स्टार्टर

प्रश्न : माझी पाच गिअरची डिझेल पिकअप आहे. भाजी घेऊन पहाटे बेळगावच्या मार्केटला जावं लागतं. घरातूनच रिमोटनं इंजिन चालू करता येईल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : येईल, पण आधी एक सवय मोडा. चढउताराला गाडी पहिल्या गिअरात टाकून लावायची आपल्याकडं रीत आहे. तशा गाडीचा स्टार्टर फिरला की ती उडी मारते, आणि इंजिननं पकडलं तर चालतच सुटते. म्हणून गिअरच्या गाडीसाठीचंच किट घ्या. त्यात हँडब्रेक, सगळी दारं आणि बॉनेट यांच्या स्विचच्या वायरी जोडाव्याच लागतात. रात्री गाडी लावताना इंजिन चालू ठेवून न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, रिमोट दाबून चावी काढायची, उतरून दार लावायचं. मग इंजिन बंद होतं, आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहिल्याची खात्री पटते. नंतर कुणी दार उघडलं की रिमोट स्टार्ट रद्द, कारण त्यानं गिअर टाकलेला असू शकतो. ही सोय काही मिस्त्री वगळतात. तिच्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा क्लच स्विच असतो. त्याला कायमची तार मारून तो निकामी करू नका, रिमोटपुरताच चालणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवा. डिझेल इंजिन आधी तापवणाऱ्या हीटर प्लगची वायर जोडायची राहिली तर थंडीत स्टार्टर नुसता फिरतो, बॅटरी उतरते. चावीत चिप असेल तर ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या इमोबिलायझरसाठी वेगळं मॉड्यूल लागतं. बंद शेडमध्ये मात्र रिमोट वापरूच नका, धूर जीवघेणा असतो.