पतंगाच्या पंखाने उड्डाणपुलाचा आवाज थांबेल का?

प्रश्न (द्वारका): तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, समोरच उड्डाणपूल, रात्रभर ट्रक चालू. एका रीलमध्ये पाहिलं की पतंगाच्या पंखासारखं कागदाएवढं पातळ मटेरियल आलंय आणि ते आवाज गिळतं. नाशकात कुठे मिळेल? सध्या भिंतीला अंड्याचे ट्रे लावलेत.

उत्तर: कुठेच नाही मिळणार, निदान ट्रकसाठी तरी. पण रीलमधली मूळ गोष्ट खरी आहे आणि भारी आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२० मध्ये दाखवलं की रात्रीच्या पतंगाच्या पंखावरचे बारीक खवले वटवाघळाचा आवाज शोषतात. त्यांनी चायनीज टसरचा पतंग घेतला होता, म्हणजे आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसरचा चुलतभाऊच. गंमत अशी की प्रत्येक खवला थोड्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीला (सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात) थरथरतो, एकटा एक छोटी पट्टी खातो आणि सगळे मिळून २० ते १६० किलोहर्ट्झ एवढी मोठी रेंज झाकतात, तेही लाटेच्या लांबीपुढे पंखाची जाडी काहीच नसताना. खवले काढले की परिणाम गेला. मेटामटेरियल म्हणतात ते हेच, कशाचं बनवलंय यापेक्षा आकार आणि मांडणी काम करते.

आता माणसाचा कान २० किलोहर्ट्झला संपतो आणि ट्रकच्या इंजिनाची घरघर १०० हर्ट्झच्या आसपास असते, तिथे आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. साध्या फोमने ती नीट शोषायची तर पाव लाट, म्हणजे ८५ सेंटीमीटर जाडी लागेल, तेवढ्यात तुमची अर्धी बेडरूम जाईल. अंड्याचे ट्रे तर काढाच, ते खोलीतला घुमणारा वरच्या पट्टीतला आवाज थोडा कमी करतात, बाहेरचा अडवत नाहीत आणि आग लागली तर जळायला तयार कागद. आधी स्लायडिंग खिडकीच्या फटी बघा, ब्रशची पट्टी झिजलेली असेल तर बदला. जिथून हवा येते तिथूनच आवाज येतो.

प्रश्न (अंबड एमआयडीसी): आमचा पिस्टन कंप्रेसर हादरतो आणि शेजारच्या शेडमध्ये इन्स्पेक्शन टेबल आहे, त्यांची रोज तक्रार. जाड रबर पॅड टाकले तर उलट वाढलं. मेटामटेरियल पॅड घ्यावेत का, सप्लायर लय महाग सांगतोय.

उत्तर: नका घेऊ, आधी आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे किती ते सांगा. मोटर १४४० ची असेल पण बेल्टनंतर पंप किती फिरतो ते मोजा, समजा ७२० असेल तर ६० ने भागून मुख्य हादरा १२ हर्ट्झचा. पॅड मशीनच्या वजनाने साधारण १ मिलिमीटर दबला तर त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी १६ हर्ट्झच्या जवळ येते, म्हणजे तुम्ही हादरा अडवत नाही, त्याला झोका देताय, आणि तो दुपटीहून जास्त होऊन खाली जातो. म्हणून वाढलं. हादरा कमी व्हायला लागतो कधी, तर मशीनची फ्रिक्वेन्सी माउंटच्या, म्हणजे खालच्या पॅड किंवा स्प्रिंगच्या, फ्रिक्वेन्सीच्या १.४ पट ओलांडली की. स्प्रिंग माउंट असा निवडा की १० मिलिमीटर दबेल, मग त्याची फ्रिक्वेन्सी ५ हर्ट्झ होते आणि जमिनीत साधारण पाचवा हिस्साच उतरतो. पाइपला फ्लेक्सिबल तुकडा टाकायला विसरू नका, नाहीतर हादरा तिकडून जातो आणि दोष स्प्रिंगला.

प्रश्न (इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष): सर, थ्रीडी प्रिंटरवर मेटामटेरियलचा प्रोजेक्ट करायचाय, कुठून सुरुवात करू?

उत्तर: आधी दोन गोष्टींतला फरक समजून घे, एकीत तुकड्यांमधलं अंतर आवाज अडवतं, दुसरीत प्रत्येक तुकडा स्वतः डोलून. माद्रिदमध्ये शिल्पकार सेंपेरे यांचं स्टीलच्या नळ्यांचं शिल्प आहे, १० सेंटीमीटर अंतरावर उभ्या नळ्या, आरपार दिसतं. १९९५ मध्ये मोजलं तर १६७० हर्ट्झचा आवाज त्यातून जाताना बराच घटला, कारण नळ्यांमधलं अंतर त्या लाटेच्या निम्म्याएवढं होतं. या हिशोबाने १०० हर्ट्झसाठी नळ्या पावणेदोन मीटर अंतरावर लागतील. हाँगकाँगच्या पिंग शेंग यांच्या टीमने २००० मध्ये हे अंतराचं ओझंच काढून टाकलं, सेंटीमीटरभर शिशाच्या गोळ्या, वर सिलिकॉन रबर, सगळं इपॉक्सीत, आणि ४०० हर्ट्झच्या आसपास आवाज अडला. गोळी आतल्या आत डोलते आणि लाटेचा जोर खाते. तू मात्र शिशाच्या नादी लागू नकोस. हेल्महोल्ट्झ रेझोनेटर प्रिंट कर, म्हणजे बाटलीसारखी पोकळी आणि मान, जी ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच घुमते. एक लिटरची पोकळी, मानेचं तोंड ३ चौरस सेंटीमीटर आणि मानेची हिशोबातली लांबी ५ सेंटीमीटर धरली तर १३० हर्ट्झच्या जवळ येतं. प्रोजेक्टला ५०० ते १००० हर्ट्झ घे, भाग लहान होतात. सहा-सात वेगवेगळ्या साइजचे शेजारी ठेव, झाली की पतंगाची युक्ती. आणि रिपोर्टमध्ये मोजलेला ग्राफ टाक, नुसतं सिम्युलेशन दाखवलंस तर एक्सटर्नल सोडणार नाही.

प्रश्न (पंचवटी): घुबडाच्या पंखासारखी पाती लावली तर सिलिंग फॅन शांत होतो का?

उत्तर: घुबडाचं प्रकरण वेगळं, तिथे पंखाची दातेरी कड आणि झालर हवेचे मोठे भोवरे फोडते, मेटामटेरियल वगैरे नाही. जपानच्या ५०० सिरीज बुलेट ट्रेनच्या पेंटोग्राफला (छतावरून वरच्या तारेतली वीज घेणारा सांगाडा) हीच कल्पना वापरली, पक्षीनिरीक्षक असलेले इंजिनिअर एइजी नाकात्सू यांनी, पण ती गाडी ताशी ३०० किलोमीटरने धावायची. तुमच्या फॅनचा आवाज हवेचा कमी आणि बेअरिंगचा, रेग्युलेटरचा किंवा सैल कॅनोपीचा जास्त असणार, आधी मेन बंद करून दांडीचे बोल्ट आवळून बघा.