लायब्ररी ‘संकलित’ करायची की ‘बांधायची’?

प्रश्न असा आला आहे : विंडोजवर ओपनएसएसएल (इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करायला इतर प्रोग्रॅम वापरतात ती तयार कोडची लायब्ररी) स्वतः तयार करून घेण्याची मराठी मार्गदर्शिका लिहिताना ‘स्रोतापासून कूटलेखन ग्रंथालयाचे संकलन करा’ असं वाक्य झालं. ते योग्य आहे का?

‘कंपाइल’साठी ‘संकलन’ हा पारिभाषिक शब्द रूढ आहे, त्यामुळे कोशाच्या आधारावर कुणी त्याला चूक म्हणणार नाही. तरी मी तो इथे वापरणार नाही. मराठीत संकलन म्हणजे ठिकठिकाणचं गोळा करून एकत्र ठेवणं. रक्तसंकलन, कचरा संकलन, निवडक लेखांचं संकलन. संस्कृत गणितात तर संकलित म्हणजे चक्क बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी. या सगळ्यांत गोळा केलेली वस्तू मुळात आहे तशीच राहते. चित्रपटाचा संकलकसुद्धा चित्रित तुकडे कापतो, जोडतो, पण त्यांचं दुसऱ्या कशात रूपांतर करत नाही. कंपायलर नेमकं रूपांतरच करतो : सी भाषेत माणसाने लिहिलेला मजकूर घेतो आणि प्रोसेसरला कळतील अशा सूचना तयार करतो. म्हणून ‘ओपनएसएसएलचे संकलन करा’ हे वाचून नवख्या माणसाला वाटेल की इकडून तिकडून फाइली उतरवून एका फोल्डरात ठेवायच्या आहेत.

मग हा शब्द आला कुठून? इथे इतिहास फार सुंदर आहे. अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२च्या सुमारास युनिव्हॅक या संगणकासाठी ए-० हा कंपायलर केला, तेव्हा तो खरोखरच संकलन करत होता. वारंवार लागणारे छोटे प्रोग्रॅम चुंबकीय फितीवर क्रमांक देऊन ठेवलेले असत. दिलेल्या क्रमांकांप्रमाणे ते शोधून एकत्र आणायचे आणि त्यांतून सलग प्रोग्रॅम उभा करायचा, हे ए-०चं काम. आज त्यातलं बरंचसं काम लिंकर हा तयार तुकडे जोडणारा प्रोग्रॅम करतो, आणि कंपायलर हे नाव भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडे गेलं. इंग्रजी शब्दाचा अर्थ सरकला. आपण मात्र त्याच्या जुन्या अर्थाचा पर्याय घेऊन बसलो. हिंदीत ‘संकलक’बरोबर ‘अनुभाषक’ असाही शब्द योजलेला आढळतो. तो मला कामाच्या अधिक जवळचा वाटतो, पण मराठीत तो कुणी बोलत नाही.

आता प्रत्यक्ष काम बघा, कारण शब्द त्यावरूनच ठरवायला हवा. ओपनएसएसएल प्रकल्प स्वतः फक्त सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, देतो. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळतात ते इतरांनी केलेले असतात. सोर्सवरून करायचं तर व्हिज्युअल स्टुडिओ (त्यात सीचा कंपायलर असतो), पर्ल ही भाषा आणि नॅस्म हा असेंब्लर (यंत्राच्या सूचनांच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लागतो. आधी पर्लमधली कॉन्फिगर स्क्रिप्ट तुमचं मशीन आणि तुम्ही निवडलेले पर्याय पाहून मेकफाइल, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची यादी, बनवते. मग ती यादी पार पाडणारं एनमेक चालवलं की सी फाइली कंपाइल होतात. एईएससारख्या, मजकूर लपवणाऱ्या अल्गोरिदमचे वेगासाठी असेंब्लीत लिहिलेले भाग मात्र कंपाइल होत नाहीत, ते नॅस्मकडे जातात. (नॅस्म नसेल तर नो-एएसएम हा पर्याय देता येतो, लायब्ररी चालते, पण संथ होते.) शेवटी सगळं लिंक होऊन लिबक्रिप्टो आणि लिबएसएसएल या दोन डीएलएल (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या लायब्ररीच्या फाइली) तयार होतात. त्यानंतर एनमेक टेस्ट, आणि मग एनमेक इन्स्टॉल.

एवढ्या सगळ्या कामाला ‘कंपाइल’ म्हणणंही अपुरंच. जाणकार याला बिल्ड म्हणतात, आणि त्याला मराठीत ‘बांधणी’ हा पुरेसा समर्थ शब्द आहे. जहाजबांधणीत पत्रे कापणं, जोडणं, तपासणं सगळं येतं. पुस्तकबांधणीही आपण रोज म्हणतो. तेव्हा एकूण कामाला बांधणी किंवा बिल्ड, आणि त्यातल्या एका टप्प्याला कंपाइल करणं, असा भेद ठेवा.

प्रश्नात विचारलेलं नाही, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘पासून’ हा शब्द. दुधापासून दही, मातीपासून मडकं : इथे मूळ पदार्थ त्या वस्तूत जिरतो. हस्तलिखितावरून छपाई, नकाशावरून घर : इथे मूळ शाबूत राहतं आणि त्यावरून हवं तितक्यांदा काम करता येतं. सोर्स कोड दुसऱ्या प्रकारचा आहे. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष उघड झाला, तेव्हा ज्यांना १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती लगेच घेणं शक्य नव्हतं, त्यांना हार्टबीट ही दोष असलेली सोय वगळणारा पर्याय देऊन आपल्याकडची लायब्ररी पुन्हा कंपाइल करायला सांगण्यात आलं होतं. मूळ फाइलींतली एक ओळही न बदलता निराळी, सुरक्षित लायब्ररी त्यातून मिळत होती. ‘सोर्सवरून’ म्हटलं की हे आपोआप कळतं.

‘ग्रंथालय’ काढाच, ‘लायब्ररी’ सर्वांना समजते. ‘कूटलेखन’ म्हणजे मजकूर लपवणं, पण लिबक्रिप्टो हॅश (मजकुराचा छोटा ठसा) काढते, डिजिटल सही करते, सही तपासते, यादृच्छिक संख्याही देते. यांत लपवण्यासारखं काही नसतं. म्हणून ‘क्रिप्टोग्राफी’च राहू द्या.

‘स्रोत’ ठेवणार असाल तर तुमचं लेखन अचूक आहे. पुष्कळ ठिकाणी ‘स्त्रोत’ छापलेलं दिसतं, ते चूक. धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणं. त्यात ‘स’नंतर ‘त’ नाही.

वाक्य मी असं लिहीन : ‘ओपनएसएसएल ही क्रिप्टोग्राफी लायब्ररी सोर्सवरून बिल्ड करा.’ आणि एनमेक चालवायच्या पायरीला बेलाशक ‘बिल्ड लावा’ म्हणा. कुकर लावणं, मशीन लावणं या प्रयोगांत जसं एकदा सुरू करून दिल्यावर काम आपलं आपण होत राहतं, तसंच ते आहे, आणि पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत हा प्रयोग बोलण्यात आहेच.