लेणी, थीम पार्क आणि रायगड : उन्हाळी सहल आखणाऱ्या मुलीस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आजी, आईवडील, ताई, तिची दोन लहान मुले आणि दहावीची परीक्षा दिलेला तुझा भाऊ अशा सर्वांना घेऊन मे महिन्यात सहल काढायची, आणि तिची आखणी व बराचसा खर्चही स्वतः उचलायचा, असे तू ठरवले आहेस, याचा मला मनापासून आनंद झाला. कार्ले-भाज्याची लेणी, इमॅजिका हे थीम पार्क आणि रायगड या तीन गोष्टी एकाच सहलीत बसतील का, असे तू विचारले आहेस. चार मुक्काम आणि पाच दिवस हाताशी असतील, तर त्या नीट बसतात, आणि पुण्याहून निघणाऱ्या चार पिढ्यांच्या कुटुंबासाठी याहून चांगला मार्ग मला सुचत नाही. मात्र तू पाठवलेल्या आराखड्यातील एक गोष्ट मला खटकली आहे, ती आधी लिहितो.

इमॅजिकाच्या दिवसाचे तू तासातासाचे वेळापत्रक केले आहेस, आणि रायगडासमोर मात्र ‘सकाळी गड पाहून दुपारी परत’ एवढीच नोंद आहे. हे नेमके उलटे व्हायला हवे. थीम पार्कमध्ये सावली कोठे हवी, पाणी कोठे हवे, स्वच्छतागृहे किती अंतरावर हवीत, रांगेतील माणसाचे मन कशात गुंतवावे आणि थकलेल्या मुलाला पुन्हा हसवावे कसे, या सगळ्याचा विचार ते उभारणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेला असतो. तुम्ही काहीही न ठरवता तेथे गेलात, तरी दिवस बऱ्यापैकी आनंदात जाईल. गडावर आणि लेण्यांत तसे कोणी काही करून ठेवलेले नसते. तेथे ऊन कोठे लागेल, बसायचे कोठे, काय पाहायचे आणि त्यातले मुलांना काय सांगायचे, हे सारे घेऊन जाणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि ते न ठरवल्यामुळेच ‘गडावर नुसते दगड आहेत’ असे म्हणत मुले खाली उतरतात. दोष मुलांचा नसतो. तेव्हा तुझी मेहनत गडासाठी आणि लेण्यांसाठी राखून ठेव.

निघण्याचा दिवस शक्यतो सोमवार धर. शनिवार-रविवारी बोरघाटात वाहनांच्या रांगा लागतात, एकवीरेच्या दर्शनाला गर्दी असते आणि पार्कमधील रांगाही लांबतात. तारखा निवडताना दोन गोष्टी दिनदर्शिकेत पाहून घे. संकष्टी चतुर्थीला पालीला आणि महडला फार गर्दी होते, म्हणून तो दिवस टाळ. रायगडावर 6 जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला शिवराज्याभिषेक सोहळा असतो. तो अनुभवण्यासारखा आहे, पण आजींना आणि लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत जाऊ नये. मेचा मध्य बरा. त्यानंतर कोकणात वळवाच्या पावसाचा आणि वाऱ्याचा भरवसा राहत नाही, आणि वादळी हवेत रोपवे बंद ठेवावा लागतो.

पहिल्या दिवशी पहाटे निघून मळवलीजवळचे भाजे आधी गाठा. भाजे आणि कार्ले या दोन्ही ठिकाणची चैत्यगृहे, म्हणजे खडकात कोरलेली बौद्ध प्रार्थनागृहे, पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे सकाळच्या वेळी डोंगराची सावली चढणाऱ्याच्या बाजूला असते, आणि मेमधील चढणीत ही फार मोठी सोय आहे. भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील, म्हणजे महाराष्ट्रातील अगदी जुन्या लेण्यांपैकी आहेत. तेथे एका विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात, जोड-डग्यांसारखे वाद्य वाजवणारी स्त्री आणि शेजारी नर्तकी कोरलेली आहे. तुझा भाऊ तबला शिकतो, असे तू मागे लिहिले होतेस. ते शिल्प त्याला स्वतः शोधू दे. कार्ल्याला पोहोचल्यावर आजींना एकवीरा देवीचे दर्शन होईल, आणि मंदिराच्या अगदी लगतच भारतातील सर्वांत मोठे शैलचैत्य आहे. आत गेल्यावर सर्वांना थोडा वेळ काही न बोलता छताकडे पाहायला सांग. त्या दगडी कमानीला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. तेथील एका शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले असे सांगून, ते जंबुद्वीपात उत्कृष्ट असल्याचे म्हटले आहे. स्वतःच्या कामाचा एवढा अभिमान बाळगणारा तो व्यापारी मुलांना फार जवळचा वाटतो, हा शाळेच्या सहली नेतानाचा माझा नेहमीचा अनुभव आहे. आजींना दोन्ही ठिकाणच्या पायऱ्या जमणार नसतील, तर त्यांना भाज्याला खाली विश्रांती घेऊ दे आणि त्यांची शक्ती कार्ल्यासाठी राखा. त्याच दिवशी लोहगडही उरकून घेण्याचा मोह मात्र टाळा.

मुक्काम खोपोलीच्या आसपास करा आणि दुसरा पूर्ण दिवस इमॅजिकाला द्या. 2013 साली सुरू झालेले हे पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, त्यामुळे पुढच्या प्रवासाला वाकडी वाट करावी लागत नाही. येथे मी फार सांगणार नाही, कारण तुझ्या भावाला माझ्याहून अधिक माहिती असणार. काही गोष्टी तेवढ्या लक्षात ठेव. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, म्हणून ताईच्या मुलांची उंची घरीच मोजा, संकेतस्थळावर पाहा आणि कोणती राइड त्यांना मिळणार नाही हे आदल्या दिवशीच त्यांना समजावून सांगा. रांगेत तासभर उभे राहून मोजपट्टीपाशी परत फिरावे लागलेल्या मुलाचे दुःख खरे असते, आणि ते सहज टाळता येते. ‘नायट्रो’सारखे उघड्यावरचे रोलर कोस्टर दार उघडताच किंवा उन्हे कलल्यावर करा, आणि दुपारचे बारा ते चार हे तास ‘आय फॉर इंडिया’सारख्या बंदिस्त, थंड ठिकाणी घालवा. वॉटर पार्कचे तिकीट वेगळे असते. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा बेत सोडून दे, कारण तसे केल्याने कशाचेही समाधान मिळत नाही आणि मुले आजारी पडतात. वॉटर पार्कच हवे असेल, तर नायलॉनचे पोहण्याचे कपडे बरोबर न्या, सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत. आजींनी पूर्ण दिवस पार्कमध्ये काढावा असा आग्रह धरू नकोस. त्या दिवशी बाबांनी त्यांना जवळच्या महडच्या वरदविनायकाला नेऊन आणले आणि दुपारी खोलीवर विश्रांती दिली, तर दोघेही अधिक सुखात राहतील.

पार्कच्या दुसऱ्याच दिवशी रायगड ठेवू नकोस. पाय दुखत असतात, झोप अपुरी असते, आणि आदल्या दिवशीच्या गोंगाटानंतर मुलांचे मन लगेच कशावर ठरत नाही. म्हणून तिसरा दिवस मी हलका ठेवला असता. उशिरा उठा, पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन घ्या, वाकण फाट्याहून मुंबई-गोवा महामार्गाला लागा आणि माणगावमार्गे पाचाडला संध्याकाळपर्यंत पोहोचा. अंतर फार नाही, पण कोकणातील रस्त्यांवर वेळ किलोमीटरवरून काढू नये. (फोनवरील नकाशात गावाचे नाव नीट पाहून घाल. वरदविनायकाचे महड खोपोलीजवळ आहे आणि महाड रायगडाच्या बाजूला.) पाचाडला उतरल्यावर आधी जिजाऊंच्या समाधीपाशी जा. राज्याभिषेक 6 जून 1674 रोजी झाला आणि 17 जूनला जिजाऊंचे याच गावी निधन झाले. मुलाचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिलेल्या त्या आईची कथा आजींनी नातवंडा-पतवंडांना सांगावी, तू सांगू नकोस. आजींच्या तोंडून ती जशी उतरेल, तशी कोणत्याही वाटाड्याच्या तोंडून उतरणार नाही.

आता रायगडाकडे येतो. हिरकणीवाडीहून निघणाऱ्या रोपवेचे आरक्षण आधीच करून ठेव आणि पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी मिळव. तुझ्या भावाला पायऱ्यांनीच चढायचे असेल, तर त्याला आणि बाबांना उजाडताच चित्त दरवाजाकडून निघू दे. हजाराहून अधिक पायऱ्या आहेत, त्यामुळे पाणी आणि टोपी हवीच. बाकीच्यांनी रोपवेने जाण्यात काहीही कमीपणा नाही. वर पोहोचल्यावर सगळा गड पाहण्याचा हट्ट धरू नका. राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर मंदिर आणि महाराजांची समाधी एवढेच क्रमाने आणि शांतपणे पाहिले, तरी दिवस भरतो. टकमक टोकावर मुलांचा हात सोडू नका.

राजसदरेवर नगारखान्याखाली एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने सिंहासनाच्या जागेजवळ. एवढ्या अंतरावरूनही हलक्या आवाजातील बोलणे ऐकू येते, आणि हा प्रयोग एकदा केलेले मूल त्या सभेची कल्पना स्वतःच करू लागते. तेथेच त्यांना सांग की 1656 साली जावळीच्या मोऱ्यांकडून घेतलेल्या या रायरीच्या डोंगरावर हिरोजी इंदुलकरांनी राजधानी उभी केली. जगदीश्वराच्या देवळात एका पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ असे कोरलेले आहे. ही पायरी शोधण्याचे काम धाकट्याला दे. हिरकणीची गोष्ट तेथे सगळेच सांगतात, तीही सांगा, मात्र ती लोककथा आहे हे मोठ्या मुलांना कळू द्या.

मग कोणीतरी विचारेलच की, एवढी मोठी राजधानी होती, तर सगळे पडके का आहे. या प्रश्नाचे उत्तर तयार ठेव, कारण माझ्या मते गडावरील तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मे 1818 मध्ये, म्हणजे याच उन्हात, इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गडावर तोफा डागल्या, दारूचे कोठार पेटले आणि वाडे जळाले. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. पुढे समाधीही झाडाझुडपांत दुर्लक्षित राहिली आणि 1869 साली महात्मा फुल्यांनी ती शोधून स्वच्छ केली. ही हकीकत ऐकल्यावर त्या जोत्यांकडे मुले वेगळ्या नजरेने पाहतात, असे मी वारंवार पाहिले आहे. 2025 साली रायगड आणि लोहगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, हेही भावाला सांग. त्यांपैकी जिंजी तामिळनाडूत आहे, आणि ती तेथे कशी, हे त्याने घरी परतल्यावर शोधावे.

दहाच्या सुमारास गडावरील एखाद्या झोपडीत ताक-सरबत घ्या, आणि ऊन चढण्याआधी उतरायला लागा. पिठले-भाकरी खाऊनही उतरता येईल, पण मग दुपार कोठे काढायची याचा विचार आधी करून ठेव, कारण माथ्यावर सावली थोडी आहे. त्याच दिवशी संध्याकाळी महाडला चवदार तळ्यावर जा. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तेथील पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरील हक्क बजावला. रायगड पाहून आलेल्या कुटुंबाने इतक्या जवळ असलेल्या या तळ्याकडे पाठ फिरवून परतावे, हे मला कधीच पटलेले नाही. तेथे अर्धा तास पुरतो. चौथा मुक्काम महाड किंवा माणगावला करून पाचव्या सकाळी ताम्हिणी घाटाने पुण्याला या.

खर्चाविषयी दोन शब्द. पार्कच्या तिकिटांवर तुझी मोठी रक्कम खर्च होईल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्थळांवर पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीटच नसते आणि मोठ्यांनाही ते नाममात्र असते. स्वस्त मिळालेल्या गोष्टीला घरातील माणसे नकळत कमी लेखतात. तेव्हा वाचलेल्या पैशांतून रायगडावर स्थानिक वाटाड्या घे आणि पाचाडला घरगुती जेवण देणाऱ्याकडे राहा. आणखी एक विनंती आहे. ‘गडावर नीट वागलात तर इमॅजिकाला नेऊ’ असे मुलांना कोणीही सांगू नये. तसे सांगितले की गड ही शिक्षा आणि पार्क हे बक्षीस ठरते. दोन्ही ठिकाणी आपण आनंदासाठीच जातो आहोत, आणि तो आनंद मोठ्यांच्या चेहऱ्यावर आधी दिसला पाहिजे.

आरक्षणे करताना रोपवेची तारीख आधी पक्की कर, तिच्यावरून मागे येत पार्कचा दिवस ठरव, आणि दोन्ही नक्की झाल्यावरच मुक्कामाचे पैसे भर. सुधारलेला आराखडा मला पाठव. रायगडाच्या दिवसाचे पान मात्र भरलेले असू दे.

आजींना आणि आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

कळावे,
तुझे सर