फायली लावायला पदवी कशाला?

वडील, मुलगी आणि मामा असे तिघं शिक्षणाचा सल्ला विचारायला आले होते. यावल तालुक्यातलं केळी पिकवणारं घर. मुलगी जळगावला प्राणिशास्त्रात बीएस्सी झालेली, वय २२. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) नीट दोनदा देऊन झाली होती, नर्सिंग नको होतं. मामांनी पुण्याच्या एका संस्थेचं माहितीपत्रक आणलं होतं: पदवीनंतर दोन वर्षांचा हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा अभ्यासक्रम आणि त्यात हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी आणि माहिती सांभाळणं, हा खास विषय. वडिलांनी बसता बसताच विचारलं, "ताई, दवाखानामा फायली लावासाठे पोरले इतलं शिकाडं का?"

या शिक्षणाची चौकशी करणाऱ्या बहुतेक घरांतून हाच प्रश्न येतो, आणि तो चुकीचा नाही. लोकांनी पाहिलेली रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची कोंदट खोली, सुतळीनं बांधलेले गठ्ठे आणि "दुपारनंतर या" म्हणणारा माणूस. मुलीची धास्ती मात्र वेगळी होती. गणित कच्चं, कॉम्प्युटर जेमतेम, "आणि मॅडम, डॉक्टर नाही, सिस्टर नाही, मग दवाखान्यात आपलं ऐकणार कोण?"

अशा वेळी माहितीपत्रक बाजूला ठेवलेलं बरं. आधी काम बघायचं, फी नंतर. ओळखीच्या एका ६० खाटांच्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात तिला बारा दिवस बसायची परवानगी मिळाली. अट एकच: गोपनीयतेच्या पत्रावर सही, मोबाइल बाहेर, रुग्णाचं नाव घरीसुद्धा सांगायचं नाही.

पहिले तीन दिवस ती फायलीच जुळवत होती. डिस्चार्ज झालेल्या रुग्णाचे कागद वॉर्डातून विस्कटलेले येतात. ते ठरलेल्या क्रमानं लावायचे आणि काय राहिलंय ते शोधायचं. संमतीपत्रावर साक्षीदाराची सही नाही, डॉक्टरांच्या नोंदीखाली तारीख आहे पण वेळ नाही, शस्त्रक्रियेची नोंदच नाही, हे नेहमीचे दोष. मग मांडणी. नोंदणी क्रमांक ४५-२७-१८ असेल तर फाईल शेवटच्या जोडीवरून लावतात: आधी १८ चा रॅक, त्यात २७ चा खण, मग ४५ वी जागा. क्रमानं लावत गेलं तर सगळ्या नव्या फायलींची गर्दी शेवटच्या रॅकवर होते. या पद्धतीत ती शंभर भागांत सारखी पसरते. घोळ होतो तो १८ आणि ८१ मध्ये. हरवलेली फाईल बहुधा तिथेच सापडते.

चौथ्या दिवशी तिच्या हाती आली ती फाईल इथे जरा थांबून बघण्यासारखी आहे. मृगबागेत केळीची पानं कापताना पायाला काहीतरी चावलेला शेतमजूर. कॅज्युअल्टीच्या कागदावर 'अननोन बाईट'. आत तपासणीच्या कागदावर २० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं नसल्याची नोंद, आणि सिस्टरच्या औषधतक्त्यावर सर्पविषविरोधी इंजेक्शनच्या १० व्हायल. डिस्चार्ज समरीवर पुन्हा 'अननोन बाईट, स्टेबल'. चार कागद, दोन गोष्टी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीत सापाच्या विषाचा कोड टी ६३.०, विंचवाचा टी ६३.२, आणि कोणता विषारी प्राणी ते ठाऊक नसेल तर टी ६३.९. मुलगी पटकन म्हणाली, साप तर उघड आहे, टी ६३.० लिहू. इथेच कोडर, म्हणजे फाईल वाचून असे कोड देणारा, अडतो, आणि अडायलाच हवं. निदान करायचा अधिकार डॉक्टरांचा. पुरावा समोर असला तरी कोडरनं साप लिहायचा नाही. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवायची, आणि तीही सरळ शब्दांत: "रक्त २० मिनिटांत गोठलेले नाही, १० व्हायल दिल्या आहेत, अंतिम निदान स्पष्ट करावे." "साप लिहून द्या" असं सुचवणं ही चूक. डॉक्टरांनी विषारी सर्पदंश लिहून सही केली की टी ६३.० आणि त्याच्या जोडीला एक्स २०.७, म्हणजे विषारी सापाचा संपर्क, ठिकाण शेत.

क्वेरी गेलीच नाही तर? आरोग्य योजनेच्या दाव्यात 'अननोन बाईट'ला दहा व्हायल का, असा प्रश्न येतो आणि पैसे अडकतात. शिवाय त्या रुग्णालयाच्या वर्षाच्या हिशेबात एक सर्पदंश कमी होतो. पुढच्या पावसाळ्यासाठी किती इंजेक्शनं मागवायची हे त्याच हिशेबावर ठरतं. केळीच्या पट्ट्यात हे वेगळं समजवावं लागत नाही. वडिलांना हाच किस्सा, रुग्णाचं नावगाव गाळून सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते.

नंदुरबारकडचं उदाहरण याहून नाजूक आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण म्हणजे डी ५७.१ किंवा, वेदनेचा झटका असेल तर, डी ५७.०, नुसता वाहक असेल तर डी ५७.३. तपासणीच्या कागदावर रुग्णाला 'एसएस' आणि वाहकाला 'एएस' एवढाच फरक असतो. घाईत वाहकाला रुग्ण करून टाकलं की ते लेबल मुलीच्या लग्नापर्यंत पाठलाग करतं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. तेव्हापासून तपासण्यांचा ओघ वाढला आहे, म्हणून अशा चुकीला वावही जास्त.

गणिताची भीती एका कागदावर मिटली. १०० खाटा, ३० दिवसांचा महिना, म्हणजे ३,००० खाटादिवस. प्रत्यक्ष रुग्णदिवस २,४३०, तर खाटांचा वापर ८१ टक्के. त्याच महिन्यात ५४० डिस्चार्ज असतील तर सरासरी मुक्काम ४.५ दिवस. भागाकार आणि टक्केवारी. रोजचा बहुतेक हिशेब याच पातळीचा. खरी मेहनत शब्दांची. कोलेसिस्टेक्टॉमी म्हणजे कोले पित्त, सिस्ट पिशवी, एक्टॉमी काढून टाकणं. प्राणिशास्त्रवाल्याला हे जड जात नाही. सॉफ्टवेअर आपोआप कोड सुचवतं, मग माणूस कशाला, असं मामांनी विचारलं. सुचवतं, पण समरीत लिहिलेल्यावरून. 'अननोन बाईट'बद्दल डॉक्टरांना गाठून विचारणारं कोणीतरी लागतंच.

मग अभ्यासक्रमाचा प्रश्न. इथे तीन वाटा एकमेकींत गुंततात आणि पैसे वाया जातात. एमएचए (मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) किंवा रुग्णालय व्यवस्थापनातलं एमबीए ही व्यवस्थापनाची वाट: मनुष्यबळ, खरेदी, वित्त, गुणवत्ता, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची एमएचए ही त्यातली जुनी, नावाजलेली. दुसरी वाट थेट रेकॉर्डची: केंद्राच्या सीबीएचआय या आरोग्य-आकडेवारीच्या कार्यालयामार्फत दिल्लीचं सफदरजंग आणि पुदुच्चेरीचं जिपमेर इथे सहा महिन्यांचं मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचं आणि वर्षभराचं मेडिकल रेकॉर्ड ऑफिसरचं प्रशिक्षण असतं. बारावीनंतर मणिपालसारख्या ठिकाणी याच विषयात पदवी मिळते, पण बीएस्सी झालेल्या मुलीनं पुन्हा पदवी करणं म्हणजे वर्षं फुकट घालवणं. तिसरी वाट अमेरिकन कोडिंगची. त्यातल्या सीपीसी या प्रमाणपत्राच्या परीक्षेत १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास, आणि अनुभव नसेल तर नावापुढे शिकाऊ असा शिक्का. तिथे आयसीडी-१०-सीएम (आजारांच्या कोडयादीची अमेरिकन आवृत्ती) आणि सीपीटी (उपचार-प्रक्रियांचे अमेरिकन कोड) चालतात. बाहेरदेशीच्या बिलांचं काम करणाऱ्या कंपनीत जायचं असेल तर ती करावी. धुळ्याच्या रुग्णालयात नोकरी हवी म्हणून सीपीसीला पैसे भरणारे दर वर्षी भेटतात, त्यांना वेळीच कोणी सांगत नाही.

पुण्याच्या संस्थेला विचारायचे प्रश्न मुलीनंच लिहून काढले. हेल्थ इन्फर्मेशनचे एकूण तास किती? खऱ्या, नावं झाकलेल्या फायलींवर कोडिंग करायला मिळतं का? इंटर्नशिप रेकॉर्ड विभागात की रिसेप्शनवर? मागच्या दोन तुकड्यांतल्या चार जणांचे नंबर द्याल का? २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट हा स्वतंत्र गट आहे. तुमचा अभ्यासक्रम त्यात बसतो का? उत्तर आलं: दोन वर्षांत एक पेपर, ४० तास, कोडिंग फक्त पुस्तकातून. नंबर आले नाहीत. माहितीपत्रकातला 'खास विषय' एवढाच होता.

तिनं आधी सहा महिन्यांचं टेक्निशियन प्रशिक्षण करायचं ठरवलं. एमएचएचा विचार दोन वर्षं काम करून झाल्यावर. मामा थोडे खट्टू झाले.

शेवटच्या भेटीत उठता उठता वडिलांनी वेगळंच काढलं. "मन्हा हर्नियाना कागद भेटतीन का?" जुन्या दवाखान्यानं दोनदा परत पाठवलं होतं. उत्तर मुलीनं दिलं. तोंडी मागायचं नाही, भरतीची तारीख घालून लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची; अर्ज मिळाल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. मग तिनं विचारलं, "पण बाबा, किती वर्षं झाली?"

"चार साल व्हई गयात."

ती जरा थांबली. उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे. "मग अर्जात दुसरी ओळ घाला. फाईल नष्ट केली असेल तर नष्ट केलेल्या फायलींच्या रजिस्टरातली नोंद दाखवा म्हणावं."