बारा तास थांबू नकोस, मंगळवारीच 'होणार नाही' सांग

तू विचारलंयस की सप्टेंबरमध्ये जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून जॉइन होतोयस, साताऱ्याच्या एमआयडीसीत चार वर्षं काढलीयेस, जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत झालीय, आणि पहिल्या सहा महिन्यात असं काय करू की साहेबावर चांगलं इंप्रेशन पडेल, गरज पडली तर रोज बारा तास थांबायची पण तयारी आहे. हे शेवटचं वाचलं आणि म्हटलं आता नीट बसून लिहायलाच पाहिजे, कारण मी पण अगदी हेच डोक्यात घेऊन आलते. मी सांगलीची, वालचंदला मेकॅनिकल केलं, दोन वर्षं कुपवाड एमआयडीसीत, मग चाकण, आणि २०१६ पासून इथं, तू येतोयस त्याच भागात.

पहिल्यांदा ते बारा तासाचं डोक्यातून काढ. इथं कायद्यानं दिवसाला आठ तास, फार तर दहा, आणि ते दहा पण सहा महिन्यांची सरासरी आठवर येणार असेल तरच. आज संध्याकाळी काम संपवलंस की उद्या सुरू करेपर्यंत मधे ११ तास गेले पाहिजेत. सहा तासाच्या वर काम झालं की अर्धा तास ब्रेक घ्यावाच लागतो, घेतो-न घेतो असं चालत नाही. बहुतेक कंपन्यांत कार्ड पंच होतं आणि सगळं सिस्टिमला दिसतं. बेट्रीब्सराट म्हणून कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, तू दहा तासाच्या वर गेलास की ते तुला नाही, तुझ्या साहेबाला विचारतात. मी पहिल्या महिन्यात रोज सात-साडेसातपर्यंत थांबायचे, वाटायचं बघतायत सगळे, बघू देत. चौथ्या आठवड्यात साहेबांनी खोलीत बोलावलं आणि अगदी काळजीनं विचारलं, तुला काम जास्त दिलंय का, की काही जमत नाहीये? म्हणजे मी जे मेहनत म्हणून दाखवत होते ते त्यांना अडचण म्हणून दिसत होतं. चाकणला साहेब जायच्या आधी कुणी उठायचं नाही ही सवय अंगात मुरलेली, ती काढायला मला वेळ लागला. तू विमानात बसायच्या आधीच काढ.

मग इंप्रेशन पडतं कशानं? माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगते, एकाच गोष्टीनं. तू जे बोललास ते झालं का, आणि होणार नसेल तर तू ते कधी सांगितलंस.

आपल्याकडं 'होईल सर' हा शब्द आहे ना, त्याचा अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत असतो. होईल म्हणजे प्रयत्न करतो, बघतो, नाही झालं तर समजून घ्या. समोरचा पण ते धरूनच चालतो, म्हणून तो दोन दिवस आधीचीच तारीख सांगतो आणि रोज फोन करतो. इथं होईल म्हणजे होईल. माझं काय झालं ते सांगते. एका कास्टिंगचा मेजरमेंट रिपोर्ट मला गुरुवारी सकाळी टूल रूममधल्या एका जुन्या माणसाला द्यायचा होता, सोमवारी मी म्हटलं हो, होईल. मंगळवारी कळलं की सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशीनवर, दुसऱ्या टीमचे पार्ट लागलेत आणि माझा नंबर शुक्रवारच्या आधी लागत नाही. आता सरळ जाऊन सांगायचं की नाही? पण नाही, मला वाटलं कुणाला तरी विनंती करू, संध्याकाळी जमवू, काहीतरी होईल. गुरुवारी सकाळी तो माणूस आला, हातात ड्रॉइंग, त्यानं माझ्या रिपोर्टसाठी त्याचं मशीन मोकळं करून ठेवलेलं. मी नाही म्हटल्यावर तो ओरडला नाही, आवाज पण चढवला नाही, एवढंच म्हणाला की मंगळवारी सांगितलं असतंस तर मी दुसरा जॉब लावला असता. आणि त्यानंतर दोन-अडीच महिने तो प्रत्येक गोष्ट मला दोनदा विचारायचा, नक्की का? खरंच नक्की का? ते दुसऱ्यांदा विचारणं मला इतकं लागायचं की घरी येऊन रडलीये मी. रिपोर्ट एक दिवस लेट झाला याचं कुणाला काही नव्हतं रे, माहीत असून गप्प बसले याचं होतं.

तू कराडचा, प्रीतिसंगमाच्या काठचा, तुला हे वेगळं समजवायला नको. आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पण नदीकाठच्या गल्ल्यातली माणसं ४० ची वाट बघत बसत नाहीत, कोयनेतून विसर्ग वाढवला एवढी बातमी कानावर आली की फ्रिज, गाद्या, कागदपत्रं वर न्यायला लागतात. २०१९ च्या महापुरात ज्यांनी बघू-बघू केलं त्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. कामात पण अगदी तसंच कर. पाणी उंबऱ्याला लागल्यावर सांगितलेलं कुणाच्या उपयोगाचं नाही. शंका आली त्याच दिवशी जाऊन सांगायचं, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. असं म्हणायचं की गुरुवारचं मला अवघड दिसतंय, कारण मशीन शुक्रवारपर्यंत बुक आहे, दोन मार्ग आहेत, एक तर शुक्रवारी दुपारी सगळा रिपोर्ट देते, नाहीतर गुरुवारी फक्त तीन क्रिटिकल डायमेन्शन हातानं मोजून देते, तुम्हाला काय चालेल? एवढं बोललास की समोरच्याच्या मनात तुझी किंमत कमी होत नाही, वाढते. मी हे स्वतः अनुभवलंय, तोच टूल रूमवाला माणूस वर्षभरानं दुसऱ्यांना सांगायचा की तिला विचारा, ती खरं काय ते सांगेल.

यातच मान हलवायचं पण आलं. आपण समोरचा बोलत असताना मान डोलावतो, म्हणजे ऐकतोय, चालू दे. इथल्या माणसाला ते एक तर हो वाटतं नाहीतर नाही वाटतं, आणि तुला ते काम कबूल आहे असं धरून तो निघून जातो. म्हणून तोंडानं बोल. समजलं नसेल तर समजलं नाही म्हण, आणि समजलं असेल तर तुझ्या शब्दात परत सांग, म्हणजे मी हे-हे या तारखेला देणार, बरोबर ना? माझी जर्मन तेव्हा तुझ्याएवढीच होती, मी खिशात छोटी वही ठेवायचे आणि प्रत्येक मीटिंगनंतर तीन ओळींची मेल टाकायचे, काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. भाषेत चुका असायच्या, पण काय ठरलं ते प्रत्येकाला त्या मेलमध्ये सापडायचं, आणि मग लोक स्वतःहून माझ्या मेलची वाट बघायला लागले.

क्वालिटीत येतोयस म्हणून एक खास. एका ठिकाणी मी काम केलंय तिथं कस्टमरचं ऑडिट आलं की लाल बिनमधले, म्हणजे रिजेक्ट झालेले, जॉब आधी कुठंतरी सरकवले जायचे, आणि आम्हाला ते चूक आहे असं वाटायचं पण नाही. इथं तुझ्या लाइनवर रिजेक्शन वाढलं तर बोर्डावर लाल लाव, आकडा लिही, किती पार्ट, कुठलं डायमेन्शन, केव्हापासून. लाल लावल्याबद्दल कुणी बोलत नाही. हिरवं लावलं आणि तिसऱ्या दिवशी कस्टमरकडनं कळलं तर मात्र तुझ्यावरचा विश्वास गेला म्हणून समज. आणि शॉप फ्लोअरवर सेफ्टी शूज, चष्मा, पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालणं, हे साहेब बघतोय की नाही यावर ठरवायचं नाही. नवीन माणूस या बारक्या गोष्टी पाळतो का हे ऑपरेटर लोक पहिल्याच आठवड्यात बघतात आणि त्यांचं मत वर पोचतं.

सर म्हणू नकोस कुणाला, साहेब आत आला म्हणून उठून उभा राहू नकोस. समोरचा झी म्हणत असेल तर तू पण झी आणि आडनाव, त्यानं डू म्हणू या असं सांगितलं की मग पहिलं नाव. हे आपलं अहो-अरेसारखंच आहे, मोठ्यानं सांगेपर्यंत आपण अरेवर जायचं नाही, त्यामुळं तुला जड जाणार नाही. पण मीटिंगमध्ये साहेबाचं म्हणणं चुकीचं वाटलं तर तिथंच शांतपणे बोल. मला हे जमायला वर्ष लागलं. मीटिंगमध्ये गप्प आणि बाहेर आल्यावर शेजारच्याला सांगायचं, हे इथं फार वाईट दिसतं.

कौतुकाची वाट बघू नकोस. या भागातले लोक, श्वाबन म्हणतात त्यांना, त्यांची एक म्हणच आहे की बोलणी बसली नाहीत म्हणजे पुष्कळ कौतुक झालं. आमच्या कुपवाडच्या मिस्त्रीसारखंच, जॉब हातात घेऊन फिरवला आणि काही न बोलता ठेवला की समजायचं पास. म्हणून महिन्यातून एकदा स्वतःच साहेबाची पंधरा मिनिटं माग आणि विचार, काय बरोबर चाललंय, काय बदलू. आणि ते जे सांगतील ते तोंडावर सरळ सांगतील, 'हे चुकलं' म्हणजे हे चुकलं, तू वाईट आहेस असं नाही. पहिल्यांदा लागेल. रात्री घरी फोन करून आईला सांगशील, पण सकाळी परत गेलास की तोच माणूस कॉफी पीत हसून बोलेल.

प्रोबेत्साईट म्हणजे प्रोबेशन, बहुतेक सहा महिने, त्यात दोघांपैकी कुणीपण दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी संपवू शकतं. याची भीती धरून वागू नकोस पण सुट्टीचा हिशोब मात्र नीट कर. वर्षाची पूर्ण सुट्टी सहा महिने भरल्यावर लागू होते, तोपर्यंत महिन्याला बारावा हिस्सा. म्हणजे दिवाळीला महिनाभर गावाकडं, हे पहिल्या वर्षी होणार नाही, घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. आजारी पडलास तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कळव, ज्याला कळवायचं ठरलंय त्यालाच, शेजारच्या मित्राला व्हॉट्सॲप केलं म्हणजे झालं असं नाही. तीन दिवसांच्या वर गेलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, काही कंपन्या पहिल्याच दिवसापासून मागतात, काँट्रॅक्टमध्ये बघून घे. आणि ताप अंगावर काढून ऑफिसला जाऊ नकोस. आपल्याकडं त्याला निष्ठा म्हणतात, इथं शेजारी बसलेला वैतागतो. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत कंपनी पूर्ण पगार देते, तो तुझा हक्क आहे.

बाकी रोजचं सोपं आहे. सकाळी आत शिरताना दिसेल त्याला मॉर्गन म्हण, दुपारी जेवायच्या वेळेला लोक एकमेकांना मालत्साईट म्हणतात, तू पण म्हण. नऊची मीटिंग म्हणजे नऊला वही उघडून बसलेला, आणि ट्रेन लेट होती हे कारण एकदाच चालतं, म्हणून पहिले काही महिने एक गाडी आधीची पकड. कॉफीच्या डब्यात पैसे टाकायचे असतात, कुणी मागत नाही, पण कोण टाकत नाही ते सगळ्यांना माहीत असतं. वाढदिवसाला केक तू न्यायचा, ते तुला आणणार नाहीत. आणि ऑफिसात अजून दोन-तीन भारतीय निघाले तर आनंदच आहे, पण जेवताना टेबलावर एक जरी जर्मन माणूस असला तरी मराठी-हिंदीत सुरू होऊ नका. मी पहिलं वर्ष आपल्याच लोकांत जेवले आणि त्यात माझं एक वर्ष भाषेचं गेलं, ते मला अजून वाईट वाटतं. बी-वन परीक्षेपुरतं ठीक आहे, पण इथं लोक श्वेबिशमध्ये, म्हणजे या भागातल्या बोलीत, बोलतात, पहिले दोन आठवडे वाटेल आपण शिकलेली भाषा ही नव्हेच. कान बसेपर्यंत त्यांच्यातच बसायचं. ते बी-वनचं सर्टिफिकेट मात्र नीट जपून आण, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या नोकरीच्या परवान्यावर, असशील तर २१ महिन्यांत कायम राहायच्या परवान्याला अर्ज करता येतो, भाषा नुसती ए-वन या सुरुवातीच्या पातळीची असेल तर २७ महिन्यांनी.

अजून एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. नोकरी सोडताना कंपनी त्सॉयग्निस देते, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, आणि पुढची कंपनी ते बारकाईनं वाचते. त्यात वाईट उघड लिहीत नाहीत, सगळं गोडच दिसतं. पण 'कायम आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे काम केलं' आणि नुसतं 'आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसरं म्हणजे जेमतेम पास. तो 'कायम' शब्द मिळवायचा असेल तर तो अशा गुरुवारच्या रिपोर्टांतूनच मिळतो.

सामानाचं विचारलंयस त्याचं. ऑफिसला वाटायला कंदी पेढे आणायचं तुझ्या मनात आहे ते समजतं मला, पण युरोपियन युनियनच्या बाहेरून सामानात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमला उघडायला लावलं तर पेढे तिथंच राहतील. त्यापेक्षा सांगलीचं भडंग आण, कमी तिखटाचं, दोन-तीन पाकिटं. आणि टेबलावर ठेवशील तेव्हा शेजारी चिठ्ठी लाव, आत शेंगदाणे आहेत म्हणून, काही जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. मी ठेवलं तेव्हा चिठ्ठी नव्हती, एक बाई हातात घेऊन विचारायला आली म्हणून बरं झालं. ऑगस्टच्या शेवटी काँट्रॅक्ट घेऊन एकदा फोन कर, सुट्टी आणि नोटिशीची कलमं आपण दोघं बसून वाचू.